सव्वा किलो डोंगर

नागपुरात टेकडी म्हटलं की गणपती,
चढ म्हटलं की रेल्वेचा पूल.
बाकी सगळं गाव पोळपाटासारखं सपाट,
आणि त्यावर आम्ही दोघी पंचवीस वर्षं
एकाच शाळेत, एकाच टेबलाशी.
कुंदा गजभियेकडे गणित, माझ्याकडे भूगोल.
फळ्यावर सातपुडा मी दरवर्षी काढते,
तपकिरी खडूनं, तीन फटकाऱ्यांत.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी ती म्हणाली,
‘‘काढून काढून थकली नाहीस का?
चल, पाहून येऊ.’’

स्कूटी तिची. स्वेटर माझे, एकावर एक दोन.
सांबारवडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
कन्हानच्या पुलावर इतकं धुकं
की खाली नदी आहे हे मी
केवळ पाठ असल्यामुळे सांगितलं.

रामटेकला अंबाळ्याच्या बाजूनं पायऱ्या धरल्या.
पहिल्या पन्नासांत मुख्याध्यापकांची निंदा झाली,
पुढच्या पन्नासांत नुसतं ‘हूं’,
मग फक्त गुडघे बोलत होते.
एका वळणावर वानरानं माझ्या हातातली वडी घेतली,
हिसकावली नाही, घेतली,
फी घ्यावी तशी,
आणि कागद परत टाकला.
कुंदा इतकी हसली की बसावंच लागलं.
कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला.
ती काहीच टाकत नाही.

वर वारा. खाली खिंडसीचं पाणी,
ताट कलतं करून वरण एका बाजूला आणल्यासारखं.
मी सवयीनं बोट दाखवत सुटले:
ही उत्तर, हे पेंचचं जंगल, पलीकडे मध्य प्रदेश,
आणि तो, पश्चिमेला, काळसर, माथा कापलेला,
तो डोंगर...
त्याचं नाव मला येईना.

‘‘तो डोंगर नाही वं,’’ कुंदा म्हणाली.
‘‘तो माह्या बापानं टाकला.’’

पंचवीस वर्षांत ‘माह्या’ हा शब्द
मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

रात्री धर्मशाळेत, एका रजईत,
तिनं छताकडे बघत सांगितलं.
मनसर. मँगनीजची खाण. वरची माती, निकामी दगड
टोपलीत भरायचे, डोक्यावर न्यायचे, ओतायचे.
एकोणीस वर्षं.
नखं रविवारीही काळी.
‘‘मले वाटे, सगळ्यांचेच बाप
सकाळी डोंगर करायले जातेत.’’

दुसऱ्या दिवशी मनसरला थांबलो.
तारेचं कुंपण, पाटी, पहारेकरी, कोवळा पोरगा.
‘‘काय पाहाचं आहे, मॅडम? इथं काहीच नाही.’’
‘‘हाव,’’ ती म्हणाली, ‘‘तेच पाहाचं आहे.’’
कुंपणापलीकडे गवत, बाभळी,
आणि परवानगी न विचारता चढलेल्या बकऱ्या.
ती बराच वेळ बकऱ्यांकडेच बघत राहिली.
मला आठवत होतं ते इतकंच:
‘मँगनीज: पोलाद कठीण करण्यासाठी. जिल्हे: नागपूर, भंडारा.’
मी हे दोन मार्कांना शिकवते.

रस्त्याच्या कडेचा एक दगड तिनं उचलला.
दिसायला पावाएवढा, हात मात्र खाली गेला.

कामठीच्या बाजारात भाजीवाल्याच्या तराजूत ठेवला.
‘‘सव्वा किलो. काय भाव देऊन राहिल्या?’’
कुंदानं वानराचा तो तेलकट कागद काढला, पेन काढलं.
टोपली वीस किलो धरू. दिवसाला इतक्या खेपा.
गुणिले सहा दिवस, गुणिले बावन्न,
वजा पोळा, वजा दिवाळी,
वजा मी झाले तो दिवस...
‘‘त्या दिवशी गेला होता का, ठाऊक नाही,’’ ती म्हणाली,
आणि पेनाला टोपण लावलं.
तिनं अर्धवट सोडलेलं गणित
मी त्याआधी पाहिलं नव्हतं.
आम्ही पाव किलो वांगी घेतली, वजनाची लाज म्हणून.

सोमवारी सहावी ‘ब’त सातपुडा काढला.
‘‘मॅडम, खाली तो ठिपका कशाचा?’’
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.
मी सांगायला वळले, तेवढ्यात घंटा झाली.

जिन्यात कुंदा भेटली.
पोटऱ्या दोघींच्याही दगड झालेल्या.
कठडा धरून, खेकड्यासारख्या आडव्या,
आम्ही एकेक पायरी उतरत होतो,
आणि पोरं भिंतीला टेकून
वाट देत होती.